अवयव पडतात पण उदाहरण अडतं

प्रश्न : मॅडम, माझी मुलगी दहावीला आहे. वर्गसमीकरण तयार दिलं की भराभर अवयव पाडून उत्तर काढते, पण शाब्दिक उदाहरण आलं की पेन खाली ठेवून बसते. क्लासमध्ये सांगितलंय की दोन उत्तरं येतात त्यातलं मायनसवालं सोडून द्यायचं, ते तिने पाठच केलंय, आणि परवाच्या चाचणीत त्यानेच मार्क गेले. माझं स्वतःचं गणित दहावीनंतर सुटलं ते सुटलंच. घरी काय करून घेऊ?
– एक आई, सातारा

उत्तर : ताई, तुमच्या मुलीला गणित येतंय, हे आधी तिला सांगा. अवयव पाडता येणं हे अर्धं काम झालं. अडतंय ते त्याच्या आधी आणि त्याच्या नंतर.

आधीचं बघू. वाचलं की लगेच समीकरण मांडायचं अशी मुलांना घाई असते, तर तिला आठवडाभर उदाहरणं सोडवायलाच देऊ नका, नुसतं वाचून "क्ष म्हणजे काय" हे एक पूर्ण वाक्य मराठीत लिहायला सांगा (वहीत ती इंग्रजी अक्षरच लिहील, मी इथे क्ष लिहितेय). समजा एसटी १८० किमी जाते, वेग ताशी १५ किमीने जास्त असता तर १ तास कमी लागला असता, तर वेग किती? यात "क्ष = एसटी" असं लिहिणारी मुलं मी कितीतरी पाहिली. एसटी म्हणजे संख्या नाही ना! "एसटीचा ताशी वेग क्ष किमी" असं लिहिलं की पुढचं आपोआप सुचतं, कारण मग आताचा वेळ १८०/क्ष, वेग वाढल्यावरचा १८०/(क्ष + १५), आणि पहिल्यातून दुसरा वजा केला की १ उरतो. छेद काढून टाकले की क्ष² + १५क्ष – २७०० = ०.

आता २७०० बघून मुलं घाबरतात आणि १ गुणिले २७०० पासून जोड्या लिहीत बसतात, तसं करू नका. फरक १५ च हवाय म्हणजे दोन्ही संख्या जवळजवळच्या असणार, आणि ५२ चा वर्ग २७०४ येतो, म्हणजे एक ५२ च्या खाली आणि एक वर. ५० आणि ५४ चा फरक ४ च, ४५ आणि ६० चा बरोबर १५. झालं. (क्ष + ६०)(क्ष – ४५) = ०, म्हणून क्ष = ४५ किंवा –६०. वेग ऋण नसतो म्हणून ४५. ताळा तिने तोंडी करावा, ४५ च्या वेगाने ४ तास, ६० च्या वेगाने ३ तास, फरक १ तास.

एक चूक मात्र फार होते म्हणून सांगते. खोलीची लांबी रुंदीपेक्षा ७ मीटर जास्त, क्षेत्रफळ ६० चौरस मीटर, तर क्ष(क्ष + ७) = ६० इथपर्यंत मुलं बरोबर येतात आणि पुढे लिहितात क्ष = ६० किंवा क्ष + ७ = ६०. अहो, गुणाकार ६० आहे म्हणून कुठलातरी एक अवयव ६० असायलाच हवा असं थोडंच आहे, ५ आणि १२ पण असू शकतात (इथे आहेतच). गुणाकार शून्य असेल तरच दोघांपैकी एकाला शून्य व्हावंच लागतं, म्हणून आधी सगळं एका बाजूला आणून दुसरीकडे ० ठेवायचा. हे कारण न सांगता नुसती "स्टेप" म्हणून शिकवतात याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आता "मायनसवालं सोडा". हा नियम नाहीच. दोन क्रमागत सम पूर्णांकांचा गुणाकार १६८ आहे, तर ते कोणते? क्ष(क्ष + २) = १६८, म्हणजे (क्ष + १४)(क्ष – १२) = ०. क्ष = १२ घेतलं तर १२ आणि १४, क्ष = –१४ घेतलं तर –१४ आणि –१२, आणि दोन्ही जोड्या बरोबर, कारण पूर्णांक म्हटलंय. "नैसर्गिक संख्या" म्हटलं असतं तर पहिलीच जोडी. मार्क बहुतेक अशाच ठिकाणी गेले असतील, पेपर काढून एकदा बघा.

याच्या उलटही होतं, आणि हे उदाहरण तिला नक्की द्या. २० मीटर बाय १२ मीटरच्या अंगणात चारही कडांनी आतून सारख्या रुंदीची फरशी घातली, मधे १२८ चौरस मीटर बाग उरली, तर फरशीची पट्टी किती रुंद? (२० – २क्ष)(१२ – २क्ष) = १२८, सोडवलं की क्ष² – १६क्ष + २८ = ०, उत्तरं २ आणि १४. दोन्ही धनच! पण १२ मीटर रुंद अंगणात दोन्ही बाजूंनी १४ मीटरची पट्टी कशी बसेल? म्हणून २. उत्तर धन की ऋण हे बघायचं नाही, ते परत गोष्टीत ठेवून बसतंय का ते बघायचं, आणि का सोडलं ते एका ओळीत लिहायचं.

प्रश्न : दोन्ही उत्तरं धन आली आणि दोन्ही बसली तर पेपरात कोणतं लिहायचं? – दहावीतला विद्यार्थी, जळगाव

उत्तर : दोन्ही लिही बाळा. तुझ्याच जिल्ह्यात चाळीसगावजवळ पाटणला भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने, मठ काढला होता त्यांचे ग्रंथ शिकवायला, तिथे शिलालेख आहे. त्या भास्कराचार्यांच्या (जन्म १११४) बीजगणितात तुझाच प्रश्न आहे. माकडांच्या कळपाच्या आठव्या भागाचा वर्ग केला तितकी माकडं रानात बागडतायत, उरलेली १२ टेकडीवर, तर एकूण किती? क्ष² – ६४क्ष + ७६८ = ०, क्ष = ४८ किंवा १६. ४८ चा आठवा भाग ६, वर्ग ३६, अधिक १२ बरोबर ४८. १६ चा आठवा भाग २, वर्ग ४, अधिक १२ बरोबर १६. दोन्ही उत्तरं खरी.

आणि तिथेच दुसरं आहे. कळपाचा पाचवा भाग, त्यातून ३ वजा, त्याचा वर्ग इतकी माकडं गुहेत गेली आणि एक फांदीवर दिसलं. उत्तरं ५० आणि ५. समीकरणात दोन्ही चालतात, पण ५ चा पाचवा भाग १, एका माकडातून ३ कशी वजा करणार? भास्कराचार्यांनी ५ सोडलं, आणि प्रत्यक्ष वस्तू ऋण असणं लोकांना पटत नाही हे कारणही तिथेच लिहून ठेवलं. तूही पेपरात तसंच लिही, कारणासकट.