म्हशींचा लळा आणि फॅटची वही

करवीर तालुक्यातल्या एका आईचं पत्र आहे. मुलगी अकरावी सायन्सला. म्हशींचा लळा, म्हणून जनावरांची डॉक्टर व्हायचं असं लहानपणापासून घोकते. परवा म्हैस अडली, डॉक्टरांनी हात घातला आणि ही गोठ्यातून जी पळाली ती रेडकू उभं राहिल्यावरच परतली. वडील म्हणाले, "झाली डॉक्टर!" शिवाय 'नीट'ला गणित लागत नाही म्हणून ते सोडायचं घरात चाललंय. आई विचारतात, हिची आवड खोटी समजायची का?

ताई, आवड खरी आहे. ती कशाची, एवढंच बघायचं राहिलंय.

पत्राच्या शेवटी तुम्ही वैतागून लिहिलंय, "अभ्यास सोडून डेअरीच्या पावत्या वहीत उतरवत बसते." ती ओळ मी तीनदा वाचली. रोजचं लिटर, फॅट, एसएनएफ (म्हणजे फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक). ऊसतोड सुरू झाली, वैरणीत उसाचे शेंडे म्हणजे वाडं आलं, तेव्हा फॅट किती हललं. आणि दोन्ही म्हशींचं दूध वेगवेगळ्या किटल्यांतून घाला म्हणून ती तुमच्याशी भांडली! अहो, एकत्र दुधावरून कोणत्या म्हशीचं फॅट उतरलं ते कळणारच नाही, हे तिचं तिनं ओळखलं.

जॉन हॉलंड या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं १९५९ साली मांडलेल्या सिद्धांतावर आजच्या बऱ्याच आवड-चाचण्या उभ्या आहेत. त्यात सहा कप्पे: हातानं घडवणं, शोध घेणं, कला, माणसांत वावरून मदत करणं, पुढाकार घेऊन व्यवहार करणं, नीट नोंदी ठेवणं. 'प्राणी आवडतात' असा कप्पाच नाही. दिवसभर नेमकं काय करायला आवडतं, ते विचारतात. तुमची मुलगी मला शोध आणि नोंदी या दोन कप्प्यांत दिसते.

म्हणून व्हेटर्नरी बाद, असं मी म्हणणार नाही. भीती सवयीनं जाते. पण साडेपाच वर्षांच्या त्या पदवीत इंटर्नशिपही असते, तिथं अडलेल्या म्हशीपासून पळता येत नाही. दिवाळीच्या सुट्टीत गावाजवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात विनंती करून चार दिवस डॉक्टरांबरोबर फिरू द्या. टिकली, तर सातारा जिल्ह्यातलं शिरवळचं व्हेटर्नरी कॉलेज आपल्याकडून फार लांब नाही, आणि पुढं एमव्हीएससीला, म्हणजे पदव्युत्तर शिक्षणात, पशुआहार हा विषय तिच्या वहीतलाच आहे.

नाही टिकली, तर डेअरी टेक्नॉलॉजीत चार वर्षांचं बी.टेक. आहे. उदगीरला आणि पुसदजवळ वरूडला सरकारी कॉलेजं आहेत. घरापासून लांब, हे खरं. दुधाची तपासणी, प्रक्रिया, टिकवणं हाच तिथला अभ्यास, आणि दूध संघांच्या आपल्या जिल्ह्यात त्याचं मोल तुम्हाला मी काय सांगू.

पण त्या वाटेला गणित लागतं. सोडायचा अर्ज दिला असेल, तर उद्याच कॉलेजात जाऊन परत घ्या.