आजी, पोस्टर आणि स्त्रीपार्टी

ब्रिटनमधून लिहिणाऱ्या ताई, आपली १९ वर्षांची मुलगी समलिंगी हक्कांच्या मोर्चांसाठी पोस्टर रंगवते, एका मुलीवर तिचे प्रेम असल्याचे तिने आपल्याला सांगितले आहे, आणि डिसेंबरमध्ये गोव्यात फोंड्याला सासूबाईंकडे जाताना हे सांगावे की झाकावे, अशा पेचात आपण आहात. ते मुलीलाच ठरवू द्यावे. तिच्या भल्यासाठी म्हणूनही तिची गोष्ट तिच्या माघारी आजीच्या कानावर घालू नये.

‘हे तिकडचे वारे’ असे सासूबाई म्हणतील, ही आपली भीती. म्हणू द्या, पण फोंड्याजवळच्या मंगेशीत १९०० साली जन्मलेल्या दीनानाथ मंगेशकरांनी संगीत रंगभूमीवर स्त्रीभूमिका गाजवल्या, आणि पेडण्याकडच्या देवळांत दशावतार या लोकनाट्यातला स्त्रीपार्टी, म्हणजे बाईची भूमिका करणारा पुरुष नट, आजही लुगडे नेसून उभा राहतो, हे सासूबाईंना आपल्याहून अधिक ठाऊक असणार. त्यांना त्याविषयी बोलते करा. चाल, नजर आणि पदर सावरण्याची लकब यांतून बाईपण उभे करता येते, हे जत्रेच्या रात्री जागवणाऱ्या पिढीला कोणी शिकवायला नको. मात्र हा दाखला फार ताणू नये. घरंदाज बाईला रंगमंच वर्ज्य होता, म्हणूनही पुरुषांकडे त्या भूमिका आल्या. आणि स्त्रीपार्ट्याला टाळ्या देणारे गाव, चेहऱ्याचा रंग उतरल्यावर तसेच जगू पाहणाऱ्याला सांभाळून घेतेच असे नाही. आपली मुलगी पोस्टरवर जे रंगवते, ते याच तुटीविषयी आहे.

सासूबाईंना कदाचित पोस्टरपेक्षा साडी लवकर कळेल. कुणबी साडीला पुन्हा प्रतिष्ठा मिळवून देणारे वस्त्ररचनाकार वेंडेल रॉड्रिक्स कोलवाळला आपल्या पुरुष जोडीदारासह उघडपणे राहत होते. २०१४ साली त्यांना पद्मश्री मिळाली आणि २०२० मध्ये ते गेले. (गोव्यातल्या घरांत त्यांच्या कामाविषयी अभिमानाने बोलतात, जोडीदाराचा विषय निघाला की चहा आणायला उठतात; तेवढे गृहीत धरावे.)

नातेवाईक कायद्याचे विचारतीलच. प्रौढांचे परस्परसंमतीचे समलिंगी संबंध सर्वोच्च न्यायालयाच्या ६ सप्टेंबर २०१८ च्या निकालापासून भारतात गुन्हा नाहीत. विवाहाचा हक्क मात्र सर्वोच्च न्यायालयाने १७ ऑक्टोबर २०२३ रोजी मान्य केला नाही.

ऐकून सासूबाई दोन दिवस अबोल राहिल्या, तर त्यांच्यामागे उत्तरासाठी लागू नका. आणि मुलीने पोस्टर बॅगेत भरले असेल, तर ते काढून ठेवायला तिला सांगू नका.