डोक्याला मार लागल्यावर मेंदूला सूज का येते? स्टिरॉइडने ती उतरत नाही का?

नाही उतरत. उलट पेशंट दगावण्याची शक्यता वाढते. इतकं ठणकावून सांगतोय, कारण 'एक डेक्सा मारून ठेवू, बिघडतंय काय' (डेक्सा म्हणजे डेक्सामेथासोन, स्टिरॉइडच) हे अजूनही कानावर येतं आणि त्यावरून वरिष्ठांशी माझं कधीच पटलेलं नाही.

मार बसला की पेशीतलं एटीपी, म्हणजे पेशीचं इंधन, आटतं आणि सोडियम बाहेर फेकणारे पंप ढेपाळतात. इजा झालेल्या पेशींतून ग्लुटामेट हे संदेशवाहक रसायन सांडतं, ते सोडियमला आत यायला आणखी वाटा उघडून देतं. पुढच्या काही तासांत एसयूआर१-टीआरपीएम४ नावाची वाहिनी पेशींवर उगवते. निरोगी मेंदूत ती जवळजवळ नसतेच. सोडियममागून क्लोराइड, त्यामागून ॲक्वापोरिन-४ या पाण्याच्या वाहिनीतून पाणी, आणि ॲस्ट्रोसाइट (मेंदूतल्या आधारपेशी) टम्म फुगतात. पण इथवर मेंदूतलं एकूण पाणी वाढलेलं नसतं, बाहेरचं पेशीत गेलं इतकंच. खरी गोम पुढे आहे. पेशींबाहेरच्या फटीत सोडियम कमी पडतं, ते केशवाहिन्यांतून ओढलं जातं आणि रक्तातलं पाणी त्याच्यासोबत येतं. रक्तवाहिन्यांच्या भिंतीतल्या पेशींमधले सांधे अजून शाबूत असतानाच मेंदू वाढायला लागतो. मग एमएमपी-९ सारखी विकरं क्लॉडिन-५, ऑक्लुडिन ही या सांध्यांची प्रथिनं कुरतडतात आणि अल्ब्युमिन या रक्तातल्या प्रथिनासकट द्रव झिरपतो. कवटी काही ताणत नाही, त्यामुळे दाब चढतो.

यात स्टिरॉइड करणार काय? ट्यूमरभोवतीच्या सुजेत ते छान चालतं, कारण तिथला दोष मुख्यतः गळक्या वाहिन्यांचा, ट्यूमरमधून सुटणाऱ्या व्हीईजीएफ या प्रथिनामुळे झालेला. बंद पडलेला पंप स्टिरॉइडने सुरू होत नाही. डोक्याला मार लागलेल्यांवर स्टिरॉइड तपासणाऱ्या 'क्रॅश' चाचणीत 10,008 पेशंट होते. मेथिलप्रेडनिसोलोन आधी 2 ग्रॅम, मग ताशी 0.4 ग्रॅम, 48 तास. दोन आठवड्यांत स्टिरॉइडच्या गटात 21.1 टक्के दगावले, नुसत्या प्लासिबोवर (औषध नसलेल्या सलाईनसारख्या द्रवावर) 17.9. हे 2004 साली छापून आलंय. यानंतरही 'आमच्या अनुभवात' म्हणणाऱ्यांशी काय बोलायचं?

मेंदूतलं पाणी ओढून घेणाऱ्या मॅनिटॉलचाही असाच रतीब असतो: सरसकट 100 मिली, दिवसातून तीनदा. 20 टक्क्यांच्या त्या बाटलीत फक्त 20 ग्रॅम असतं. डोस किलोमागे 0.25 ते 1 ग्रॅम, म्हणजे 60 किलोच्या माणसाला 75 ते 300 मिली, पंधरा-वीस मिनिटांत. थंडीत बाटलीत खडे धरतात. कोमट करून, विरघळल्याची खात्री करून, फिल्टरच्या सेटमधूनच लावायचं. लघवी धो-धो होते, तेवढं पाणी भरून काढलं नाही तर बीपी पडतं आणि मेंदूचा रक्तपुरवठाच तुटतो. बीपी आधीच पडलेलं असेल तर 3 टक्के सलाईन बरं. 5 टक्के डेक्स्ट्रोज अजिबात नको: साखर जळून जाते आणि उरलेलं निव्वळ पाणी मेंदूत शिरतं. उशाकडची बाजू 30 अंश वर, मान सरळ, मानेचा पट्टा (कॉलर) गळ्याला आवळलेली नको. फुकटचे उपाय आहेत, म्हणूनच बहुधा कुणी बघत नाही.

मधुमेहाचं ग्लिबेनक्लामाइड एसयूआर१ अडवतं हे खरं आहे, पण म्हणून घरची गोळी नळीतून द्यायला सांगू नका. साखर उतरली तर जखमी मेंदू आणखी मरतो.

आणि हो, पेशंट आधीपासून दमा किंवा संधिवातासाठी रोज स्टिरॉइड घेत असेल तर ते डॉक्टरांना लगेच सांगा. ते अचानक तोडायचं नसतं, तिथे माझं वरचं भांडण लागू नाही.