‘मरणान्तानि वैराणि’ आणि तोंड बंद करण्याची सोय

प्रश्न असा आहे. एखादा वादग्रस्त पुढारी गेला की तासाभरात दोन तट पडतात. एक हार घालतो, दुसरा जुनी प्रकरणं उकरून काढतो. मग पहिल्यातला कोणीतरी ‘मरणान्ति वैराणि’ एवढे दोन शब्द फेकतो आणि दुसऱ्याने गप्प बसावं अशी अपेक्षा धरतो. हे वचन मुळात कुठलं, त्याचं शुद्ध रूप काय, आणि ‘मेलेल्याबद्दल वाईट बोलू नये’ असा त्याचा अर्थ खरंच होतो का? शिवाय, मनात श्रद्धा नसेल तर ‘श्रद्धांजली’ लिहावी का?

शुद्धाशुद्धाचं आधी उरकून घेऊ. मूळ रूप ‘मरणान्तानि वैराणि’. मरण हाच ज्यांचा अंत, अशी वैरं. ‘मरणान्तानि’ हे ‘वैराणि’चं विशेषण, दोन्ही नपुंसकलिंगी अनेकवचनी. मराठी कानाला मात्र त्यात आपली सप्तमी ऐकू आली, ‘विचारांती’, ‘अनुभवांती’मधली. मधला ‘आन’ एवढा भाग गळाला आणि ‘मरणान्ति वैराणि’ रूढ झालं. संस्कृत म्हणून ते चूक. पण ‘मरणांती वैर संपतं’ हे मराठी वाक्य म्हणून ठणठणीत आहे, तेच लिहावं.

आता मूळ ठिकाण. आपल्याकडे अनेकांना हे शिवाजी महाराजांचं वाक्य वाटतं, कारण प्रतापगडाच्या पायथ्याच्या अफझलखानाच्या कबरीचा विषय निघाला की ते हटकून निघतं. पण ते वाल्मीकिरामायणातलं आहे, युद्धकांडातलं. पूर्ण श्लोक असा:

मरणान्तानि वैराणि निर्वृत्तं नः प्रयोजनम् ।
क्रियतामस्य संस्कारो ममाप्येष यथा तव ॥

वैरं मरणापर्यंतच असतात. आपलं काम झालं आहे. याचा संस्कार कर. तो जसा तुझा तसा माझाही. राम हे विभीषणाला सांगतो.

का सांगतो, ते बघण्यासारखं आहे. रावण पडल्यावर विभीषण आधी भावासाठी रडतो. पण दहनाची वेळ येते तेव्हा तो अडून बसतो. धर्म सोडलेला, क्रूर, खोटं बोलणारा, परस्त्रीवर हात टाकणारा, अशा माणसाचा संस्कार मी करणार नाही. तो भावाच्या रूपातला माझा शत्रू होता, म्हणतो. आणि पुढे जे म्हणतो ते तर आजच्या कुठल्याही वादात चपखल बसेल: लोक मला आज निष्ठुर म्हणतील, पण याचे दुर्गुण ऐकले की तेच म्हणतील, बरं केलंस.

यावर राम ‘असं बोलू नये’ म्हणत नाही. उलट, हा अधर्माने आणि असत्याने भरलेला होता हे तो स्वतःच्या तोंडाने मान्य करतो आणि त्याच दमात जोडतो, की तेजस्वी होता, बलवान होता, रणात कायम शूर होता. त्यानंतर संस्काराचं सांगणं. म्हणजे ज्या प्रसंगातून हे वचन आलं, त्यात मेलेल्या माणसाच्या दोषांची यादी दोघांनी वाचली आहे, प्रेत समोर असताना. वचनाने थांबवलं ते फक्त एक: प्रेताची हेळसांड. दहन होणार, रीतीप्रमाणे होणार, भाऊच करणार. बोलण्यावर बंदी त्यात कुठेच नाही.

‘वाईट बोलू नये’वालं वचन वेगळं आहे आणि ते आपलं नाही. ते ग्रीकांचं, स्पार्टाच्या खिलॉनच्या नावावर सांगितलं जातं. लॅटिनमधून ते युरोपभर पसरलं. अथेन्सच्या सोलोनने तर मृतांची निंदा करायला कायद्यानेच मनाई केली होती, असं ग्रीक चरित्रकार प्लूटार्क लिहितो. आपण काय केलं, तर शब्द वाल्मीकीचे ठेवले आणि अर्थ खिलॉनचा भरला.

दुसरी खोच ‘वैर’ या शब्दात आहे. वैर दोघांत असतं. ते संपलं असं म्हणण्याचा हक्क त्या दोघांतल्या उरलेल्याला. ‘निर्वृत्तं नः प्रयोजनम्’ यातला ‘नः’ म्हणजे ‘आपलं’, म्हणून तर रामाच्या तोंडी ते शोभतं. ज्याचं त्या नेत्याशी वैर नव्हतंच, फक्त आक्षेप होते, त्याला हे वचन लागू करायचं तरी कसं?

महाराष्ट्राला हे 2012च्या नोव्हेंबरात जवळून दिसलं. 17 नोव्हेंबरला, शनिवारी दुपारी, बाळासाहेब ठाकरे ‘मातोश्री’वर गेले. दुसऱ्या दिवशी वांद्र्याहून शिवाजी पार्कपर्यंत अंत्ययात्रा निघाली, लाखोंची गर्दी. कुठलंही सरकारी पद न भूषवलेल्या माणसाला शासकीय इतमामात निरोप मिळाला. त्या गर्दीतल्या कित्येकांसाठी मुंबईत मराठी माणसाला ताठ मानेने उभं करणारा माणूस गेला होता, आणि ते रडणं खरं होतं. त्याच शहरात, 1992-93च्या दंगलीत घर जळालेल्यांना, साठच्या दशकात ‘लुंगीवाले’ म्हणून मार खाल्लेल्या दाक्षिणात्यांना वेगळं काही आठवत होतं. दंगलीची चौकशी करणाऱ्या श्रीकृष्ण आयोगाने ठाकरेंवर स्पष्ट ठपका ठेवला होता. प्रेस कौन्सिलचे तेव्हाचे अध्यक्ष मार्कंडेय काटजू यांनी तर आपण श्रद्धांजली का वाहू शकत नाही, यावर जाहीर लेखच लिहिला. त्यांच्यावर ‘मरणान्ति’चा मारा झाला नसता तरच नवल.

ज्यांचं खरंखुरं राजकीय वैर होतं त्यांनी ते आधीच मिटवलं होतं, ही त्यातली गंमत. छगन भुजबळांनी शिवसेना सोडली, 2000 साली गृहमंत्री असताना ठाकरेंना अटक करवली. पण पुढे भुजबळ ‘मातोश्री’वर जाऊन आले, ठाकरे हयात असतानाच. वैर मिटवायला मरणाची वाट बघावी लागते असं नाही.

आणि पालघर. तिथल्या एका एकवीस वर्षांच्या मुलीने फेसबुकवर लिहिलं. मथितार्थ एवढाच, की माणसं रोज मरतात, जग चालू राहतं. एका नेत्यासाठी मुंबई बंद आहे ती आदरापोटी नव्हे, भीतीपोटी. तिच्या मैत्रिणीने ते ‘लाइक’ केलं. दोघींना अटक झाली, 15 हजारांच्या जामिनावर सुटका. मुलीच्या काकांच्या दवाखान्याची जमावाने तोडफोड केली. नंतर दोन पोलीस अधिकारी निलंबित झाले, आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ज्या 66अ कलमाखाली हे घडलं ते सर्वोच्च न्यायालयाने 24 मार्च 2015ला घटनाबाह्य ठरवलं.

त्या मजकुरात मृताची निंदा नव्हती. तिचा आक्षेप बंदवर होता. आणि भाषेच्या अंगाने पाहिलं तर ती एका मराठी विशेषणाशी भांडत होती: ‘उत्स्फूर्त’. आपल्याकडे बंद ‘पुकारतात’ पुढारी, ‘पाळतात’ दुकानदार. ‘पाळणे’ हे क्रियापद आपण सुतकाला वापरतो, दुखवट्याला वापरतो, सोवळ्याला वापरतो. त्यात स्वतःहून केल्याचा भाव आहे. मग बातमीदार ‘उत्स्फूर्त बंद पाळण्यात आला’ असं लिहितो आणि शटर कोणाच्या धाकाने खाली आलं हा प्रश्न वाक्यातूनच नाहीसा होतो. ‘कडकडीत बंद’ हा त्या मानाने प्रामाणिक शब्द. किती बंद होतं ते तो सांगतो, का होतं यात पडत नाही. त्या मुलीने ‘उत्स्फूर्त’ खोडून पाहिलं, एवढंच.

संस्कृत वचनाला मान देताना मराठीची स्वतःची म्हण आपण विसरतो: मेल्या म्हशीला मणभर दूध. जिवंतपणी जिचं दूध चहापुरतं नव्हतं ती म्हैस मेल्यावर मणभर देत होती! गावच्या माणसाला मृत्यूनंतरचं कौतुक कधीच पटकन पचलेलं नाही. आणि मृत्यूवर आपली पोळी भाजून घेणाऱ्यांसाठी ‘मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणं’ आहेच. अंत्ययात्रेतून पोटनिवडणुकीचा हिशेब करणारे पाहिले की दुसरा वाक्प्रचार सुचत नाही. उलट टोकालाही मराठी कमी पडत नाही. ‘सुंठीवाचून खोकला गेला’, ‘ब्याद गेली’, ‘भुईचा भार हलका झाला’. हे सगळं लोक बोलतात, फक्त दार लावून. छापायची वेळ आली की तोच माणूस ‘कधीही भरून न येणारी पोकळी’ लिहितो.

दार न लावता बोलण्याचं उदाहरण ब्रिटनचं. माजी पंतप्रधान मार्गारेट थॅचर 8 एप्रिल 2013ला गेल्या तेव्हा ग्लासगोत आणि लंडनच्या ब्रिक्स्टनमध्ये लोक रस्त्यावर उतरून नाचले, आणि चेटकीण मेल्याच्या आनंदाचं एक जुनं सिनेमातलं गाणं लोकांनी विकत घेऊन घेऊन लोकप्रियतेच्या यादीत दुसऱ्या क्रमांकावर नेलं. बीबीसीने ते पूर्ण न वाजवता बातमीत काही सेकंद ऐकवलं. मला तो नाच आवडला नाही, हेही सांगून टाकतो. पण त्यांच्या कारकिर्दीत खाणी बंद पडून गावंच्या गावं ओसाड झालेल्यांना ‘वैर संपलं’ हे दुसऱ्याने सांगणं मला त्याहून खटकलं असतं. आणि अंत्यसंस्कार सेंट पॉल्समध्ये रीतसर झालेच.

राहिला प्रश्न ‘श्रद्धांजली’चा. श्रद्धा नसेल तर लिहू नये, इतकं सोपं आहे. सक्ती कोणाची नाही. ‘आदरांजली’ त्याहून थोडी हलकी, पण तिथेही आदर लागतोच. ‘अभिवादन’ हे हल्ली जयंती-पुण्यतिथीला स्थिरावलं आहे, निधनाच्या दिवशी ते विचित्र वाटतं. कर्तव्य म्हणून लिहायचं असेल तर ‘निधनाचं वृत्त समजलं, कुटुंबीयांच्या दुःखात सहभागी आहे’ हे वाक्य कुणाचंच वाकडं करत नाही, आणि खोटंही बोलायला लावत नाही. ‘कैलासवासी’ की ‘वैकुंठवासी’ या फंदात पडू नका. मृताचा देव कोणता ते घरच्यांना ठाऊक. क्रियापदांत ‘वारले’, ‘गेले’ यांत सगळं भागतं. ‘मेला’ नको, कारण त्यात मत आहे आणि मत द्यायचं तर ते पूर्ण वाक्यात, कारणांसकट द्यावं.

‘तिलांजली’ मात्र चुकूनही लिहू नका. मुळात ती मृताला तीळ आणि पाणी देण्याचीच क्रिया. विभीषणाने रावणाला शेवटी तीच दिली, रामायणात तसं नोंदवलंय. पण मराठीत आता आपण तत्त्वांना, लाजेला, अभ्यासाला तिलांजली देतो, माणसाला नाही. शोकसंदेशात ती आली तर वाचणाऱ्याला वाटेल, तुम्ही मुद्दामच लिहिलंत.