'हॅव' आणि युक्रेनियन 'माती'

म्युनिकला राहणाऱ्या एका मराठी ताईंचा प्रश्न आला आहे. २०२२ साली युद्धामुळे घर सोडून त्यांच्या शेजारी आलेल्या युक्रेनियन कुटुंबातल्या मुलीला त्या इंग्रजी शिकवतात. मुलगी हुशार आहे, पण 'द ट्रेन हॅज टू कम ॲट एट' असं म्हणते. व्याकरण तर बरोबर आहे, मग कानाला का खटकतं? आणि 'हॅव'चे इतके अर्थ तिला समजवायला सुरुवात कुठून करू?

ताई, आधी त्या गाडीचंच बघू. युक्रेनियनमध्ये 'हॅव'च्या जोडीचं एक क्रियापद आहे, 'माती'. उच्चार आपल्या मातीच्या अगदी जवळचा, आणि आईलाही तिथे 'माती' म्हणतात. या क्रियापदाचं 'माये' हे रूप दुसऱ्या क्रियापदाआधी आलं की बरेचदा ठरलेली, अपेक्षित गोष्ट कळते. 'पोयीज्द माये प्रिय्ती ओ वोस्मीय' म्हणजे आपलं 'गाडी आठला यायची आहे'. गाडीवर कुणाची सक्ती नाही, वेळापत्रकात तसं लिहिलंय एवढंच. इंग्रजीतलं 'हॅज टू' मात्र म्हणतं की गाडी आठला आलीच पाहिजे. तिने 'माये'च्या जागी 'हॅज' ठेवलं आणि अर्थ सरकला. तिथे 'द ट्रेन इज ड्यू ॲट एट' हवं. 'हॅव टू'ला तिच्या भाषेत खरे जोडीदार आहेत 'मुशू' आणि 'मेनी त्रेबा'. त्यातलं 'मेनी' म्हणजे 'मला', आपल्या 'मला जायला हवं'मधल्यासारखं. ही जोडी तिला आधी द्या.

मालकीचा अर्थ तिला अवघड जाणार नाही. 'मला भाऊ आहे' हे तिथे दोन तऱ्हांनी सांगतात. 'या मायू ब्राता' हे थेट 'आय हॅव'सारखं, आणि 'उ मेने ये ब्रात' हे 'माझ्यापाशी भाऊ आहे' अशा बांधणीचं. (हा 'ब्रात' आणि आपला 'भ्राता' एकाच कुळातले.) आपल्याकडे 'हॅव'साठी स्वतंत्र क्रियापदच नाही. भाऊ 'मला' असतो, पैसे 'माझ्याकडे' असतात, ताप 'मला' असतो, सगळीकडे काम 'असणे' करतं. त्यामुळे इथे ती आपल्यापेक्षा एक पाऊल पुढेच आहे. नकारातला 'नेमाये', म्हणजे 'नाही', हासुद्धा 'ने' आणि 'माये' मिळून झालाय. तो तिला फोडून दाखवा, तिला स्वतःची भाषा नव्याने दिसेल. मला हा क्षण फार आवडतो.

पण याच सवयीने ती कधीतरी 'यू हॅव राइट' म्हणेल. 'तुमचं बरोबर आहे' याला युक्रेनियनमध्ये 'वी मायेते रात्सीयू' म्हणतात, तिथे 'माती' लागतं. इंग्रजीत 'यू आर राइट'.

खाण्यापिण्याचं 'हॅव' पटकन उरकेल. न्याहारी करणं 'स्नीदाती', दुपारचं जेवण 'ओबीदाती', रात्रीचं 'वेचेर्याती', प्रत्येकाला वेगळं क्रियापद आहे. 'हॅव ब्रेकफास्ट', 'हॅव लंच' हे जोडशब्दासारखे पाठ करून घ्या, आणि मध्ये 'अ' घालू देऊ नका.

वेळ द्यायचा तो 'आय हॅव लिव्ह्ड हिअर फॉर टू इयर्स'ला. युक्रेनियनमध्ये इथे साधा वर्तमानकाळ चालतो: 'या झिवू तूत द्वा रोकी', मी इथे दोन वर्षं राहते. आपणही 'मी इथे दोन वर्षं राहतेय' असंच म्हणतो, म्हणून 'आय लिव्ह हिअर टू इयर्स' ही चूक तुमच्या आणि तिच्या दोघींच्या तोंडी येऊ शकते. इथलं 'हॅव' मालकीचं नाही. तेव्हा सुरू झालेलं राहणं आजपर्यंत चालू आहे, हे ते सांगतं. शिवाय बोलताना ते 'आय'ला चिकटून नुसतं 'आय'व्ह' उरतं आणि नवख्या कानाला ऐकूच येत नाही. तुम्ही दोन्ही वाक्यं मोठ्याने म्हणा आणि कुठे 'आय'ला चिकटलेला 'व्ह' ऐकू आला ते तिला बोट वर करून सांगायला लावा. पहिले काही दिवस लिहून घेऊ नका, आधी कान तयार होऊ दे.