वाचकांचे प्रश्न : जागेवरून मारलेली उडी कशी वाढेल?

प्रश्न : मी येळ्ळूरचा असून बेळगावात पी.यू.सी.च्या दुसऱ्या वर्षात (बारावीत) शिकतो. माझे वय १८ आणि वजन ६४ किलो आहे. महाविद्यालयाच्या व्हॉलीबॉल संघात मी नेटवर खेळतो. हात वर करून उभा राहिलो की बोटे २ मीटर २४ सेंटीमीटरपर्यंत पोहोचतात आणि भिंतीवर खडूची खूण करून मोजलेली माझी उडी ४६ सेंटीमीटर भरते. गेले सहा महिने मी रोज पहाटे राजहंसगडाचा चढ पळत चढतो, तालमीत ३०० बैठका मारतो आणि घोट्यांना वाळूच्या पिशव्या बांधून देवळाच्या कट्ट्यावर १०० उड्या मारतो. तरीही उडी बोटभर वाढलेली नाही. उलट उजव्या गुडघ्याच्या वाटीखाली दुखू लागले आहे. वस्ताद बैठका ५०० करायला सांगतात, तर मित्र मोबाइलवर उंच पेटीवर चढणाऱ्या खेळाडूंचे व्हिडिओ दाखवतात. दोन महिन्यांनी स्पर्धा आहे आणि उडी १० सेंटीमीटर वाढवायची आहे. काय करावे?

उत्तर : तुम्ही मोजमाप करून लिहिले, त्यामुळे उत्तर देणे सोपे झाले. पुरुषांच्या व्हॉलीबॉलमध्ये नेटची उंची २.४३ मीटर असते. म्हणजे आज तुमची बोटे नेटच्या वर २७ सेंटीमीटर जातात. आता उडीचे गणित पाहा. शरीर ४६ सेंटीमीटर वर जायचे असेल, तर पाय जमिनीवरून सुटतानाचा वेग ढोबळमानाने सेकंदाला ३ मीटर लागतो आणि ५६ सेंटीमीटरसाठी तोच वेग ३.३ मीटर लागतो. एकदा पाय सुटले की हवेत काहीही करून शरीर अधिक उंच जात नाही. जे काही मिळवायचे ते जमीन रेटण्याच्या त्या पाव सेकंदाच्या आसपासच्या अवधीतच मिळवावे लागते. म्हणून उडीसाठी दोनच गोष्टी हव्यात : पायांत भरपूर ताकद, आणि ती ताकद फार थोड्या वेळात बाहेर काढण्याची सवय.

तुमच्या सरावात या दोन्ही गोष्टी नाहीत, हे मला स्पष्टपणे सांगितले पाहिजे. सलग ३०० बैठका मारणाऱ्याचा दमसास वाढतो, सांधे आणि कंडरा (स्नायू हाडाला जोडणारे चिवट दोर) मजबूत होतात, आणि कुस्तीत शेवटपर्यंत टिकून राहायला त्याचा मोठा उपयोग होतो; वस्तादांचे म्हणणे त्यांच्या विद्येपुरते अगदी खरे आहे. परंतु जी हालचाल माणूस ३०० वेळा करू शकतो, तीत स्नायूंना त्यांच्या पूर्ण ताकदीच्या जवळपासही जावे लागत नाही. गडाच्या चढाचेही तसेच आहे. कट्ट्यावरच्या १०० उड्यांपैकी पहिल्या आठ-दहा उड्या पूर्ण जोराच्या असतील. उरलेल्या नव्वद उड्यांत शरीर दमलेल्या पायांनी संथ उडी मारायला शिकते. घोट्यांच्या पिशव्या आजच सोडून द्या. त्यांनी पायाची गती मंदावते आणि उतरतानाचा भार गुडघ्यावर येतो. पेटीच्या व्हिडिओंनाही भुलू नका, कारण गुडघे छातीशी ओढून घेणारा खेळाडू कमी उडीतही उंच पेटीवर चढतो.

सर्वांत आधी गुडघा. वाटीच्या खालच्या टोकाशी बोटाने दाबल्यावर दुखते, उडीच्या वेळी वाढते आणि हालचालीने अंग गरम झाल्यावर कमी होते, असे असेल तर ते बहुधा वाटीखालच्या कंडरेचे दुखणे असावे. उड्यांच्या खेळात ते इतके आढळते की त्याला ‘जम्पर्स नी’ असेच नाव पडले आहे. यात अंथरुणावर पडून राहणे जितके चूक, तितकेच दुखणे अंगावर काढून खेळत राहणेही चूक. मी तुमच्याच वयाचा असताना गुडघ्याला पट्टी बांधून अख्खा हंगाम खेळलो आणि पुढचे दोन हंगाम मैदानाबाहेर बसून पाहिले, म्हणून हे कळकळीने लिहितो आहे. पहिले तीन आठवडे कट्ट्यावरच्या उड्या पूर्ण बंद ठेवा. भिंतीला पाठ टेकून अर्ध्या बैठकीत ४५ सेकंद थांबणे, असे पाच वेळा, मध्ये दोन मिनिटे विश्रांती घेऊन करा. किंचित दुखले तर चालेल, पण दुसऱ्या दिवशी सकाळी दुखणे आदल्या दिवसापेक्षा वाढलेले नसावे. गुडघ्यावर सूज आली, तो अडकू लागला किंवा रात्री ठणकू लागला, तर हा सराव थांबवून अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा.

याच तीन आठवड्यांत ताकदीचे काम सुरू होऊ शकते. आठवड्यातून दोन दिवस बैठकाच मारा, पण वजन घेऊन. व्यायामशाळेत बार असेल तर उत्तम. नसेल तर वाळूचे पोते छातीशी धरून किंवा मागचा पाय बाकावर ठेवून एका पायाची बैठक मारा. वजन इतके असावे की सहा बैठकांनंतर आणखी एक-दोनच निघतील. अशा चार फेऱ्या आणि प्रत्येक फेरीनंतर दोन ते तीन मिनिटे पूर्ण विश्रांती. तालमीत वाढलेल्या मुलाला ही विश्रांती आळस वाटते, हे मला ठाऊक आहे, पण तिच्याशिवाय पुढची फेरी पुन्हा दमसासाचीच होते. जोडीला डेडलिफ्ट, म्हणजे कमरेतून वाकून पाठ सरळ ठेवत जमिनीवरचे वजन उचलणे, करा, ज्याने मांडीची मागची बाजू आणि नितंब बळकट होतात, आणि पायरीच्या कडेवर चवडे ठेवून टाचा वर-खाली करा.

चौथ्या आठवड्यापासून गुडघा शांत असेल तरच उड्यांकडे या. स्नायू आणि कंडरा झटकन ताणल्या गेल्या आणि लगेच आखडल्या, की ताणात साठलेली शक्ती उडीला मिळते. खाली किंचित बसून मारलेली उडी थांबून मारलेल्या उडीपेक्षा उंच जाते ती यामुळेच. हाच गुण वाढवण्यासाठी सोव्हिएत प्रशिक्षक युरी वेर्खोशान्स्की यांनी १९६० च्या दशकात उंचावरून खाली येऊन तत्क्षणी वर झेपावण्याची पद्धत मांडली. अमेरिकेतील प्रशिक्षक फ्रेड विल्ट यांनी १९७५ मध्ये अशा व्यायामांसाठी ‘प्लायोमेट्रिक्स’ हा शब्द रूढ केला. वेर्खोशान्स्कींच्या उंच्या कसलेल्या खेळाडूंसाठी होत्या. तुमच्यासाठी आज ३० सेंटीमीटरची पायरी पुरेशी आहे, आणि तीही शेवटच्या दोन-तीन आठवड्यांत. उतरल्यावर टाच दाणकन टेकत असेल किंवा वर झेपावायला वेळ लागत असेल, तर उंची आणखी कमी करा.

त्याआधी उतरायला शिका. उडी मारून चवड्यांवर आवाज न करता उतरायचे, गुडघे पायाच्या बोटांच्या रेषेत ठेवायचे आणि दोन सेकंद तसेच थांबायचे. हे नीट जमले की जागेवरच्या पूर्ण जोराच्या उड्या, मग सलग तीन-चार उड्या, आणि शेवटी नेटवर मारताना घेता तशी तीन पावलांची झेप. दोन्ही हात मागून जोरात वर आणण्यावर लक्ष द्या; हातांच्या झोक्याचा उडीत चांगलाच वाटा असतो आणि तो सुधारायला ताकद नव्हे, सराव लागतो. एका दिवसात पाय जमिनीवर टेकण्याची एकूण संख्या सुरुवातीला ६० ते ८० आणि पुढे १०० च्या आसपास ठेवा. पाच सेकंदांच्या उड्यांनंतर निदान अर्धा मिनिट थांबा. आठवड्यात असे दोनच दिवस असावेत, त्यांत किमान ४८ तासांचे अंतर असावे, आणि खेळातल्या उड्याही याच हिशेबात धराव्यात. खडूची खूण गाठता येईनाशी झाली की त्या दिवसाचा सराव संपला असे समजा. स्पर्धेच्या आधीच्या आठवड्यात उड्या निम्म्या करा.

दोन महिन्यांत १० सेंटीमीटरचे वचन मी देणार नाही. दोन ते पाच सेंटीमीटर वाढले आणि गुडघा न दुखता तुम्ही सर्व सामने खेळलात, तर ते मोठे यश मानावे. उरलेल्या वाढीला वर्ष-दीड वर्ष द्यावे.

प्रश्न : आम्ही निपाणीला राहतो. माझी तेरा वर्षांची मुलगी शाळेत व्हॉलीबॉल खेळते. वजन उचलल्याने आणि उड्या मारल्याने मुलींची उंची खुंटते, असे सासूबाई म्हणतात. हे खरे आहे का?

उत्तर : खरे नाही. जाणकारांच्या देखरेखीखाली, बेताच्या वजनाने केलेल्या व्यायामाने उंची खुंटत नाही. लंगडी, दोरीवरच्या उड्या आणि खो-खो यांतही मुली उड्याच मारत असतात. तुमच्या सासूबाईंची काळजी मात्र अगदीच अनाठायी नाही, कारण या वयात हाडे झपाट्याने वाढतात आणि गुडघ्याखालच्या नडगीच्या उंचवट्यावर, जिथे कंडरा हाडाला जोडलेली असते, तिथे उड्यांचा अतिरेक झाल्यास दुखू लागते. तसे झाल्यास काही दिवस उड्या कमी कराव्यात. वयात येणाऱ्या मुलींमध्ये उतरताना गुडघे आत वळण्याची सवय पुष्कळदा दिसते आणि गुडघ्यातील अस्थिबंध (हाडे एकमेकांना जोडणारा पट्टा) तुटण्याचे प्रमाण अशा खेळांत मुलांपेक्षा मुलींत अधिक आहे, म्हणून तिला आधी उतरणे शिकवा. समोरून मोबाइलवर चित्रण करून तिलाच दाखवले, तर ती सांगण्यापेक्षा लवकर सुधारेल. पाळी सुरू झाली असेल आणि ती लवकर दमत असेल, तर रक्तातील हिमोग्लोबिन तपासून घ्यावे. भाकरीसोबत रोज उसळ, शेंगदाणे, दूध आणि चालत असल्यास अंडी द्यावीत.

प्रश्न : खानापूर तालुक्यात जून ते सप्टेंबर मैदान चिखलाचे असते. शाळेच्या व्हरांड्यातील फरशीवर मुलांकडून उड्यांचा सराव करून घेतला तर चालेल का?

उत्तर : गुळगुळीत ओल्या फरशीवर मुळीच नको, आणि कोरड्या फरशीवरही फक्त कबड्डीची मॅट अंथरून, मोजक्याच उड्या घ्याव्यात. जाड गाद्या टाळाव्यात. त्यांत पाय रुततो, उडीची लय जाते आणि घोटा मुरगळतो. पावसाचे चार महिने ताकदीसाठी वापरणे अधिक शहाणपणाचे ठरेल : वजनाच्या बैठका, एका पायाच्या बैठका, टाचा उचलणे, आणि आठवड्यातून एकदा उतरण्याचा सराव. दसऱ्याच्या सुमारास मैदान वाळले की मुले तयार पायांनी उड्यांना लागतील.