शेवटी शेवटी बाळ 'गप्प' होत नाही गं

पत्र : मावशी, माझी पहिलीच वेळ आहे. ३७ आठवडे पूर्ण झाले, बाळंतपणाला माहेरी आलेय, कराडच्या पुढं गावात, दवाखाना गाडीनं चाळीस मिनिटं. मिस्टर पुण्याला असतात. पोट मधूनच दगडासारखं कडक होतं आणि परत सुटतं, हीच कळ का? दोन दिवस झाले बाळाची हालचाल पण कमी वाटतेय. आजी म्हणते आता आत जागा राहत नाही, शेवटी शेवटी पोर गप्प होतं. काही विचारलं की सगळ्याजणी म्हणतात आम्हाला नाही का झाली पोरं. रात्रभर एकच डोक्यात, खरी कळ मला ओळखूच आली नाही तर?

बाळा, आधी फोन उचल आणि डॉक्टरांना सांग की दोन दिवस हालचाल कमी आहे, आणि ते बोलवतील तसं आजच्या आज जाऊन ये. बाकीचं वाटेत वाच.

आजीचं मन मोडू नकोस पण ही एक गोष्ट तिची ऐकू नकोस. जागा कमी पडते हे खरं आहे, त्यामुळं लाथांची तऱ्हा बदलते, आधी टुणकन लागायची ती आता ढुशी दिल्यासारखी किंवा आत कुणी कूस बदलल्यासारखी लागते, पण ती कमी होत नाही, कळा सुरू होईपर्यंत आणि कळांमध्येसुद्धा बाळ हलत असतं. माझ्या पहिल्या वेळी मलापण घरातल्यांनी हेच सांगितलं होतं आणि मी एक रात्र तशीच काढली, छताकडं बघत, पोटावर हात ठेवून. सकाळी गेले तर पोटाला दोन पट्टे बांधले, हातात एक बटण दिलं, हललं की दाब म्हणाले, आणि त्या मशीनमधून घोडा दौडावा तसा ठोक्यांचा आवाज यायला लागला तेव्हा मी जी रडले ती रडलेच. सगळं ठीक होतं. पण डॉक्टर एवढंच म्हणाल्या, रात्रीच का नाही आलात? ते मी अजून विसरले नाही म्हणून तुला एवढं लावून धरून सांगतेय. त्याला एनएसटी म्हणतात, दुखत खुपत काही नाही, वीस मिनिटं ते अर्धा तास.

इथून पुढं रोज जेवण झालं की डाव्या कुशीवर पडायचं, मोबाईल लांब ठेवायचा आणि हालचाल मोजायची. दोन तासांत दहा झाल्या नाहीत तर निघायचं, आणि अजिबातच जाणवत नसेल किंवा रोजच्यापेक्षा वेगळंच वाटलं तर मोजत बसायचं पण नाही. गार पाणी पी, गोड खा, सकाळपर्यंत बघू, हे नको. दहा वेळा जाऊन दहा वेळा 'सगळं ठीक आहे' ऐकून परत आलीस तरी चालेल, कुणी हसलं तर हसू दे.

आता कळांचं. पोट कडक होऊन सुटतं त्या बहुतेक खोट्या कळा, शरीराची तालीम चालू असते. पाणी प्यायलं, जरा चाललं किंवा कूस बदलली की जातात. खऱ्या कळा काही केलं तरी जात नाहीत, बऱ्याचदा कंबरेतून निघून पोटाकडं येतात, दोन कळांमधलं अंतर कमी होत जातं आणि जोर वाढत जातो, बोलता बोलता वाक्य अर्धं सोडून भिंत धरावी लागते तेव्हा तुला कुणाला विचारावं लागणार नाही. पुस्तकी हिशोब असा की पाच मिनिटांनी एक, मिनिटभर टिकणारी, असं तासभर चाललं की निघायचं, पण तुझा दवाखाना चाळीस मिनिटांवर आहे म्हणून कळा नियमित झाल्या की लगेच फोन कर आणि निघ.

चिकट पांढरं, त्यात थोडी गुलाबी रेघ असं गेलं तर घाबरू नको, त्यानंतरही काही दिवस जाऊ शकतात. पण पाळीसारखं लाल गेलं तर लगेच दवाखाना. पाणी गेलं तर कळा नसल्या तरी निघायचं, वेळ आणि रंग लक्षात ठेवायचा, हिरवट असलं तर बाळानं आत शी केलेली असते, मग एक मिनिट पण थांबायचं नाही. डोकं खूप दुखणं, डोळ्यापुढं काजवे, छातीखाली उजवीकडं दुखणं, चेहरा आणि हात एकदम सुजणं, ही बीपीची लक्षणं, 'नववा लागला की होतंच' म्हणून सोडू नकोस. संध्याकाळी पाय सुजणं, सारखं लघवीला लागणं, जळजळ, हे मात्र होतंच.

डेट गेली म्हणून पण घाबरायचं नाही, शंभरातली चार-पाचच बाळं बरोब्बर त्या तारखेला येतात. ४१ आठवडे झाले की डॉक्टर काय ते ठरवतील, तोवर कुणी एरंडेल दिलं तर घेऊ नकोस, जुलाब होऊन अंगातलं पाणी तेवढं जाईल.

आणि मिस्टरांना फोनवर सगळं नीट सांग, नुसतं 'बरी आहे' म्हणू नकोस. रात्री गाडी कोण काढणार ते आजच ठरव, शेजारच्या दोन घरांचे नंबर आणि १०८ भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहून ठेव. पिशवीत फाईल, सोनोग्राफीचे रिपोर्ट, आधार कार्ड, दोन गाऊन, पॅड, लंगोट, दुपटी, टोपडं, आणि पिशवी कपाटात नको, दाराजवळ. आता आईला हाक मार, चप्पल घाल, आणि तपासून आलीस की मला कळव, रात्री कितीही वाजले तरी मी बघेन.

— मावशी